सच्छिद्र पदार्थांची संवेदना : कांदाचाळ, द्राक्षपान आणि लवचीक संवेदक

नाशिक जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा चाळीत साठवला जातो आणि पावसाळाभर, कधी कधी थेट दिवाळीपर्यंत, भावाचा अंदाज घेत लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे यांसारख्या बाजारांत टप्प्याटप्प्याने नेला जातो. या चार-सहा महिन्यांत कांद्याचे वजन घटते, काही कांद्यांना कोंब फुटतात, काहींवर काळी बुरशी चढते आणि काही सडतात. सर्व मिळून होणारी घट ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. यांपैकी सड ही सर्वांत घातक, कारण ती एका कांद्याकडून शेजारच्या कांद्याकडे सरकते, आणि चार-पाच फूट उंचीच्या ढिगाच्या पोटात ती सुरू झाल्याची वर्दी बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला मिळेपर्यंत आतला बराच माल हातचा गेलेला असतो.

ढिगाच्या आतली ही घडामोड वेळीच कळायची, तर तेथील तापमान, आर्द्रता आणि सडताना सुटणारे वायू या तिन्हींवर सतत लक्ष हवे. या दिशेने नाशिकमध्ये प्रत्यक्ष काम झालेले आहे. तरुण अभियंता कल्याणी शिंदे यांनी स्थापन केलेल्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या कंपनीने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या नाशिक येथील ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ या नवोन्मेष केंद्राच्या आधाराने, चाळीतील हवेचा वेध घेऊन सड सुरू होत असल्याची सूचना देणारे उपकरण विकसित केले. अशा उपकरणांत सामान्यतः प्रत्येक राशीसाठी वेगळा संवेदक, म्हणजे शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला ‘सेन्सर’, एका पेटीत बसवलेला असतो. पेटी चाळीत टांगता येते. ढिगाच्या मध्यभागी, कांद्यांच्या फटीत, भार सोसत महिनोन्‌महिने राहील असे काही हवे असेल तर ते पातळ, वाकणारे, दबले तरी न तुटणारे आणि एकाच तुकड्यात अनेक राशी ओळखणारे असावे लागते. पदार्थविज्ञानात अशा वस्तूला लवचीक बहुकार्यी संवेदक म्हणतात, आणि गेल्या दोन दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांत ती घडवण्यासाठी ज्या पदार्थांवर सर्वाधिक भिस्त ठेवली गेली, ती सच्छिद्र नॅनोपदार्थांची संमिश्रे आहेत. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ज्या कणांची, नळ्यांची किंवा पापुद्र्यांची निदान एक मिती या पट्टीवर मोजली जाते ते नॅनोपदार्थ, आणि ते एखाद्या मऊ रबरासारख्या पदार्थात मिसळून किंवा त्यावर चढवून तयार होते ते संमिश्र.

छिद्रांचा हिशेब

संवेदनाचे बहुतेक काम पृष्ठभागावर चालते, कारण वायूचा किंवा बाष्पाचा रेणू घन पदार्थाच्या अंतरंगात शिरत नाही. तो पृष्ठभागाला चिकटतो. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. म्हणून तेवढ्याच वजनाच्या पदार्थाला जितका अधिक पृष्ठभाग, तितका त्याचा प्रतिसाद ठळक, आणि हा पृष्ठभाग वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पदार्थ बारीक करणे अथवा पोखरणे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी पापुद्रा, या हिशेबाच्या टोकाला उभा आहे: त्याच्या एका ग्रॅमचा दोन्ही बाजूंचा मिळून सैद्धांतिक पृष्ठभाग सुमारे २,६३० चौरस मीटर भरतो. धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे यांची जाळी असलेल्या धातू-सेंद्रिय चौकटी याही पुढे जातात. त्यांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि नुसता पृष्ठभाग मोठा असून भागत नाही, कारण रेणूंना तिथवर पोहोचण्याची वाटही हवी. रसायनशास्त्रात २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांना सूक्ष्मछिद्रे, २ ते ५० नॅनोमीटरच्या छिद्रांना मध्यछिद्रे आणि त्याहून रुंद छिद्रांना स्थूलछिद्रे म्हणण्याचा संकेत आहे. पृष्ठभागाची संपत्ती मुख्यतः पहिल्या दोन वर्गांत असते, वाहतुकीचे काम मात्र तिसऱ्या वर्गाकडे येते. केवळ सूक्ष्मछिद्रांचा पदार्थ अत्यंत संवेदनशील, पण प्रतिसाद द्यायला आणि पुन्हा मूळपदावर यायला मंद असतो. म्हणूनच चांगल्या संवेदकात तिन्ही प्रकारची छिद्रे एकमेकांत उघडणारी असतात, आणि ती कशी पाडावीत हे या विद्याशाखेतील निम्मे कसब आहे.

अमळनेर आणि चांदवड

या कसबाचा एक जुना आणि अस्सल नमुना उत्तर महाराष्ट्रातच सापडतो. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील एल. ए. पाटील आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात जाडथर वायुसंवेदकांवर सातत्याने काम केले. त्यांच्यापैकी गोतन जैन हे नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या महाविद्यालयाशी निगडित आहेत, आणि या कामातील काही भागाला पुण्याच्या ‘सी-मेट’ या इलेक्ट्रॉनिकी पदार्थांच्या केंद्रातील डी. पी. अमळनेरकर यांची साथ होती. महागडी निर्वात यंत्रे हाताशी नसतानाही जागतिक नियतकालिकांत छापून यावे असे संशोधन तालुक्याच्या गावी होऊ शकते, याचे हे उदाहरण असून त्याची म्हणावी तितकी दखल मराठीत घेतली गेलेली नाही.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. धातूच्या ऑक्साइडची बारीक दळलेली भुकटी इथिल सेल्युलोज या तात्पुरत्या बंधकात आणि टर्पिनिऑलसारख्या सेंद्रिय द्रावकांत कालवून तिची लुकण केली जाते. भुकटी आणि सेंद्रिय भाग यांचे प्रमाण साधारण ७५ ला २५ असते. ही लुकण लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगच्याच रीतीने जाळीतून काचेच्या पट्टीवर ओढली जाते, वाळवली जाते आणि मग सुमारे ५५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजली जाते. भाजताना सेंद्रिय भाग जळून निघून जातो, आणि तो जिथे जिथे होता तिथे पोकळी उरते. म्हणजे संवेदकाची छिद्रे वेगळी पाडावी लागत नाहीत, ती लुकणीच्या पाककृतीतच लिहिलेली असतात. सेंद्रिय भाग किती आणि भट्टीची आच किती, यावर छिद्रांचे मान ठरते.

अशा थराचे कार्य १९६० च्या दशकात जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी व्यवहारात आणलेल्या कथील ऑक्साइडच्या संवेदकांप्रमाणेच चालते. हवेतील ऑक्सिजन ऑक्साइडच्या कणांवर बसून त्यांतले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे थराचा विद्युतरोध वाढतो. स्वयंपाकाच्या वायूसारखा क्षपणक वायू आला, की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. ही अभिक्रिया जोमाने चालण्यासाठी बहुधा २०० ते ४०० अंश तापमान लागते, म्हणून अशा संवेदकाच्या पाठीला छोटा तापक जोडावा लागतो. जैन आणि पाटील यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेले काम याच कारणाने लक्षवेधी ठरते. बेरियम, स्ट्रॉन्शियम, कथील आणि टायटॅनियम यांच्या मिश्र ऑक्साइडच्या थराला तांब्याच्या ऑक्साइडची जोड दिल्यावर तो हायड्रोजन सल्फाइड हा वायू सामान्य खोलीच्या तापमानाला, अब्ज भागांत काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही ओळखू शकला. तांब्याचे ऑक्साइड आणि मूळ थर यांच्या सीमेवर विद्युतप्रवाहाला अडवणारे सूक्ष्म संधी तयार झालेले असतात. हायड्रोजन सल्फाइडमुळे ऑक्साइडचे रूपांतर वीज उत्तम वाहणाऱ्या तांब्याच्या सल्फाइडात होते, संधी मोडतात आणि रोध कोसळतो.

गंधकयुक्त वायूंची ही ओळख कांद्याच्या संदर्भात अर्थातच मोलाची आहे, कारण कांद्याचा उग्र वासच गंधकाच्या संयुगांचा आहे. अडचण दुहेरी आहे. निरोगी कांद्याचाही वास येतो, त्यामुळे ‘गंधक आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही, नेहमीच्या पातळीवरून झालेली वाढ टिपावी लागते. आणि काचेवर भाजलेला थर ढिगात पुरता येत नाही.

वाकण्याचे गणित

कोणतीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते; हा ताण पट्टीच्या जाडीला वक्रतेच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले असता मिळतो. एक मिलिमीटर जाडीची काच ५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर वाकवायची म्हटल्यास १० टक्के ताण येतो, आणि काच त्याच्या कितीतरी आधी तडकते. ५० मायक्रोमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर त्याच वळणाला येणारा ताण केवळ अर्धा टक्का असतो. म्हणून लवचीकतेची पहिली युक्ती पदार्थ बदलण्यापेक्षाही तो पातळ करण्याची आहे. दुसरी युक्ती पुन्हा छिद्रांचीच. उघड्या फेसाचा ताठरपणा त्यातील घन भागाच्या प्रमाणाच्या वर्गानुसार घटतो, म्हणजे स्पंजात २० टक्के पदार्थ आणि ८० टक्के हवा असेल, तर तो अखंड पदार्थाच्या सुमारे चार टक्के इतकाच ताठर राहतो. मुळात मऊ असलेले सिलिकोन रबर अशा रीतीने बोटाच्या हलक्या दाबालाही वाकणारे होते.

असा स्पंज करण्याची एक रीत कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत जमण्याजोगी आहे. साखरेची वडी किंवा दाबून बसवलेली साखर एका भांड्यात ठेवून तिच्यावर सिलिकोन रबराचा पातळ द्राव व त्याचा घट्टकारक ओततात. निर्वात भांड्यात ठेवल्यावर साखरेच्या दाण्यांमधली हवा बुडबुड्यांनी निघून जाते आणि तिची जागा द्राव घेतो. उबेत रबर पक्के झाले की वडी कोमट पाण्यात सोडतात. साखर विरघळून जाते आणि दाण्यांच्या आकाराच्या, एकमेकांत उघडणाऱ्या पोकळ्यांचा पांढरा स्पंज हाती राहतो. पिठीसाखर वापरल्यास पोकळ्या बारीक, जाड दाण्याची वापरल्यास मोठ्या. हा स्पंज कार्बनच्या नॅनोनळ्या विखुरलेल्या द्रवात बुडवून पिळला आणि वाळवला, की त्याच्या भिंतींवर काळा, वीजवाहक थर चढतो, आणि स्पंज दाबला असता त्याचा रोध घटतो.

रोध घटण्याचे कारण समजून घेण्यासाठी वाहक कणांच्या जाळ्याची कल्पना उपयोगी पडते. वीज न वाहणाऱ्या रबरात नॅनोनळ्यांचे प्रमाण अगदी कमी असेल तर त्या सुट्या पडतात आणि प्रवाह वाहत नाही. प्रमाण वाढवत गेल्यास एका विशिष्ट मर्यादेला, नदीपात्रात मांडत आणलेल्या दगडांतला शेवटचा दगड पडल्यावर पलीकडे जाता यावे तसे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड मार्ग जुळतो आणि वाहकता एकदम अनेक पटींनी वाढते. लांबुडक्या आकारामुळे नॅनोनळ्यांना ही मर्यादा गाठायला वजनाच्या एखाद्या टक्क्याहूनही कमी प्रमाण पुरते. संमिश्र या मर्यादेच्या किंचित वर ठेवले, तर थोड्याशा दाबाने कितीतरी नवे मार्ग जुळतात आणि थोड्याशा ताणाने तुटतात. संवेदक म्हणून तो पदार्थ इथेच सर्वाधिक जागरूक असतो, आणि इथेच सर्वाधिक लहरीही.

कांद्याच्या ढिगाला हे लागू करून पाहता येते. एक घनमीटर कांद्याचे वजन साधारण ६०० किलो धरले, तर दीड मीटर उंचीच्या ढिगाच्या तळाशी सरासरी दाब सुमारे ९ किलोपास्कल येतो, आणि सच्छिद्र स्पंजाचे संवेदक नेमके १० किलोपास्कलच्या आतल्या, हलक्या स्पर्शाच्या पट्ट्यात सर्वोत्तम चालतात. यावरून ढिगाचे खचणे मोजता येईल असा मोह होतो. तो आवरलेला बरा. गोल कांदे एकमेकांना ठिपक्यांएवढ्या जागी टेकतात, त्यामुळे प्रत्यक्ष दाब जागोजागी फार विषम असतो. शिवाय रबरी स्पंज सततच्या भाराखाली स्वतःच हळूहळू बसत जातो, आणि पाच महिन्यांनी मिळालेला आकडा कांदा खचल्याचा की स्पंज खचल्याचा, हे सांगणे कठीण होते. नाडीच्या ठोक्यासारखा क्षणाक्षणाला बदलणारा दाब टिपण्यात हे पदार्थ निष्णात आहेत, महिनोन्‌महिन्यांचा स्थिर भार हा त्यांचा प्रांत नाही. या विषयावरील शोधनिबंधांत हजारो वेळा दाबून-सोडून घेतलेल्या चाचण्यांचे आलेख आवर्जून असतात; एकाच भाराखाली एक पूर्ण हंगाम पडून राहिलेल्या संवेदकाचे आलेख क्वचितच आढळतात.

पानाची ओल

द्राक्षबागेत प्रश्न वेगळा आहे आणि तिथे सच्छिद्र लवचीक संवेदकाची बाजू अधिक भक्कम आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटणारी कोवळी फूट परतीच्या पावसात आणि पहाटेच्या दवात सापडली, की निफाड-दिंडोरीचा बागायतदार ‘डाऊनी’च्या, म्हणजे केवडा रोगाच्या धास्तीने फवारणीची तयारी करतो. या रोगकारकाचे चलबीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आत शिरतात. म्हणून पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते, या दोन आकड्यांवर फवारणीचा निर्णय बराच अवलंबून असतो. बागांतील स्वयंचलित हवामान केंद्रांत यासाठी पानाच्या आकाराची ताठ पट्टी लावलेली असते. ती ओल मोजते खरी, पण स्वतःवरची. द्राक्षाची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या अंगाला असतात, दाट फुटीच्या आत हवा खेळत नाही, आणि तिथले पान पट्टी सुकल्यानंतरही ओले असू शकते.

पानाच्या खालच्या अंगालाच चिकटवता येईल असा पापुद्रा हवा, तर तो केवळ पातळ असून चालत नाही. त्याने पानाचा श्वास कोंडता कामा नये. सच्छिद्रतेचा एरवी दुय्यम वाटणारा गुण इथे मुख्य ठरतो, कारण सच्छिद्र पापुद्र्यातून बाष्प आरपार जाते, पानाचे बाष्पोत्सर्जन चालू राहते आणि जाता जाता मोजलेही जाते. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात लियांग डाँग यांच्या गटाने २०१७ च्या सुमारास चिकटपट्टीवर ग्राफीनची नक्षी उमटवून मक्याच्या पानातून बाहेर पडणारे बाष्प मोजले. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील चिंगशान वेई यांच्या गटाने २०२३ मध्ये टोमॅटोच्या पानाच्या खालच्या बाजूला लावायचा पट्टा सादर केला, जो तापमान, आर्द्रता आणि पानातून सुटणारी बाष्पशील संयुगे एकत्र टिपतो. विषाणुजन्य रोगाची चाहूल त्याला डोळ्यांना लक्षणे दिसण्याच्या आठवडाभराहून अधिक आधी लागली. महाराष्ट्रात याच्या जवळचे काम मातीच्या बाबतीत झाले आहे: मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मरियम शोजाई बाघिनी, मोहम्मद अस्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफीनचे पुंजबिंदू आणि ग्राफीन ऑक्साइड यांचा उपयोग करून मातीतील ओलावा मोजणारे सूक्ष्म संवेदक घडवले, आणि त्यांचे निष्कर्ष २०१६ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

ओल ओळखण्याच्या कामात छिद्रांचा आकार स्वतःच एक मोजपट्टी असतो. अरुंद छिद्रात पाण्याचा पृष्ठभाग आत वळलेला राहतो आणि त्यावरचा बाष्पदाब कमी असतो, म्हणून हवा पूर्ण संपृक्त होण्यापूर्वीच अशा छिद्रांत बाष्पाचे पाणी होते. केल्व्हिनच्या समीकरणाने हिशेब केल्यास २५ अंश तापमानाला आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुमारे ६ नॅनोमीटर व्यासापर्यंतची, तर ९० टक्क्यांना सुमारे २० नॅनोमीटरपर्यंतची जलस्नेही छिद्रे भरून जातात. पाण्याचा विद्युत-अपार्यतांक सुमारे ८० आणि रबराचा तीनच्या आसपास असल्याने, छिद्रे भरताच संवेदकाची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, झपाट्याने चढते. पण भरलेले छिद्र त्याच आर्द्रतेला रिकामे होत नाही, त्यासाठी हवा आणखी कोरडी व्हावी लागते. परिणामी चढत्या आणि उतरत्या आर्द्रतेचे आकडे जुळत नाहीत. बागेत याचा अर्थ असा, की सकाळी पान सुकले तरी संवेदक काही काळ ‘ओले’ म्हणत राहतो आणि एखादी फवारणी विनाकारण होऊ शकते. फार बारीक छिद्रांचा, प्रयोगशाळेत अतिशय संवेदनशील ठरलेला पदार्थ बागेत म्हणूनच नुकसानीचा ठरण्याची शक्यता असते, आणि थोड्या मोठ्या छिद्रांचा, तुलनेने मठ्ठ पदार्थ तिथे अधिक उपयोगी पडतो.

एका तुकड्याला अनेक प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोची दडलेली आहे. दाब, उष्णता, ओल आणि वायू या सर्वांनी स्पंजाचा रोध बदलतो. मग रोध बदललेला दिसला, तर तो कशामुळे? बहुकार्यी संवेदकाचे खरे कठीण काम अनेक गोष्टी जाणवण्याचे नाही, कारण सच्छिद्र पदार्थाला त्या आपोआपच जाणवतात; कठीण आहे ते त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे. बीजिंगमधील चिनी विज्ञान अकादमीच्या रसायन संस्थेत फँग्जियाव झांग, चाँग-आन डी आणि दाओबेन झू यांच्या गटाने २०१५ मध्ये यावर काढलेला तोडगा या क्षेत्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक मानावा लागेल. पॉलियुरेथेनच्या स्पंजावर त्यांनी पेडॉट-पीएसएस हा वीजवाहक बहुवारिक चढवला, जो औष्णिकविद्युत गुणाचाही आहे, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या तापमानांत फरक पडला की तो स्वतःच विभवांतर निर्माण करतो. स्पंजाला दाबले तर रोध बदलतो आणि विभवांतर जागच्या जागी राहते, उष्ण वस्तू टेकवली तर विभवांतर उभे राहते. विद्युतप्रवाह आणि विभवांतर यांचा एकच आलेख पाहून दोन्ही राशी स्वतंत्रपणे वाचता येतात, आणि तापमानातील एक दशांश अंशाहून लहान फरकही त्यात दिसतो.

मात्र ही युक्ती तापमान मोजत नाही, तापमानातला फरक मोजते, ही बाब चाळीसाठी महत्त्वाची आहे: ढिगाच्या पोटात स्पंजाच्या दोन्ही बाजू तितक्याच उबदार असतील, तर विभवांतर शून्यच राहील, म्हणून अशा संवेदकाचे एक टोक बाहेरच्या हवेपर्यंत आणावे लागते. शिवाय पेडॉट-पीएसएस पाणी शोषून घेतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याचा रोध ओलीनेच इतका हलतो की दाबाचा आकडा त्यात बुडून जातो. ओल ही या सर्व पदार्थांची सार्वत्रिक गडबड आहे. तिला वेगळे काढण्यासाठी एकाच तुकड्यावर वेगवेगळ्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडण्याची रीत प्रचलित आहे: पाण्याच्या थरातून होणारी धनप्रभारांची सावकाश हालचाल कमी वारंवारतेला प्रतिसाद देते, तर कार्बनच्या जाळ्यातले चपळ इलेक्ट्रॉन उच्च वारंवारतेलाही साथ देतात, त्यामुळे दोन वारंवारतांना मिळालेल्या उत्तरांतील तफावत ओलीची साक्ष देते. वायूंच्या बाबतीत मात्र एका तुकड्यावर भागत नाही. वेगवेगळे लेप दिलेल्या चार-सहा ठिपक्यांची मांडणी करून त्यांच्या एकत्रित प्रतिसादाचा ठसा ओळखावा लागतो.

अशी ठिपक्यांची मांडणी स्वस्तात करण्याचा मार्ग २०१४ मध्ये राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने दाखवला. पॉलिइमाइडच्या पिवळसर पारदर्शक पापुद्र्यावर साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोत फिरवला, की झोत पडेल तिथला पृष्ठभाग काळ्या, सच्छिद्र ग्राफीनमध्ये पालटतो. न भाजलेला भाग वीजरोधकच राहतो, त्यामुळे तारा, विद्युतअग्रे आणि संवेदनाचे ठिपके एकाच पापुद्र्यावर, एकाच यंत्राने रेखता येतात. नावपाट्या आणि भेटवस्तू कोरणाऱ्या कारखान्यांत असतात त्याच जातीचा हा लेसर आहे, आणि नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीला ही प्रक्रिया परकी वाटू नये. अमळनेर-चांदवडच्या स्क्रीन प्रिंटिंगशी तिचे नाते उघड आहे: तिथे सेंद्रिय भाग जाळून त्याच्या जागी पोकळी मिळते, इथे सेंद्रिय पापुद्रा स्वतःच जळत जळत पोकळ कार्बन होतो.

गंधक, मोरचूद आणि सीलबंद जोडीदार

नाशिकच्या शेतात या पदार्थांची गाठ प्रयोगशाळेत नसलेल्या काही गोष्टींशी पडते. भुरी रोगासाठी गंधक आणि डाऊनीसाठी मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण द्राक्षपानांवर फवारले जाते. चुन्याचा पांढरट थर पापुद्र्याच्या छिद्रांची तोंडे बुजवतो आणि तांब्याचे क्षार दवात विरघळून विद्युतअग्रांमध्ये अशी वाट तयार करतात, की जराशी ओलही चिंब पावसासारखी नोंदली जाते. कांद्याच्या चाळीत गंधकाची संयुगे सतत हवेत असतात. तांब्याच्या ऑक्साइडचे सल्फाइड होणे ही जी अभिक्रिया संवेदनाला कारणीभूत, तीच पूर्णपणे उलट फिरली नाही तर ठिपका हळूहळू कायमचा बधिर होतो. बाहेरून बाष्प व वायू आत सोडणारे, पण पाण्याचे थेंब आणि धूळ अडवणारे टेफ्लॉनचे सच्छिद्र आवरण हा यावरचा नेहमीचा उपाय असून, त्यामुळे प्रतिसाद काहीसा मंदावतो. चाळीसारख्या ठिकाणी, जिथे सड तासांत नव्हे तर दिवसांत पसरते, तो मंदपणा सहज परवडतो.

राहतो तो वयाचा प्रश्न. उष्ण दुपारी, दमट रात्री आणि कांद्याची धूळ यांत काही महिने काढलेल्या संवेदकाचा मूळ रोध आपोआपच सरकत जातो, आणि प्रत्येक तुकडा काढून प्रयोगशाळेत नव्याने जुळवून घेणे शेतकऱ्याला शक्य नसते. यावरची जुनी, कमी खर्चाची आणि बहुधा सर्वांत भरवशाची तोड म्हणजे संवेदक जोडीने बसवणे: एकाच लुकणीतून किंवा एकाच पापुद्र्यावर केलेल्या दोन ठिपक्यांपैकी एक उघडा ठेवायचा आणि दुसऱ्यावर वायू शिरणार नाही असा लेप देऊन तो सीलबंद करायचा. दोघेही तेवढेच तापतात आणि जवळजवळ तेवढेच म्हातारे होतात, पण वायू फक्त उघड्यालाच लागतो. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स व्हीटस्टन यांनी प्रचारात आणलेल्या चार रोधांच्या सेतूत हे दोन ठिपके एकमेकांलगतच्या भुजांत जोडले, की दोघांना समान असलेले बदल एकमेकांना छेदून जातात आणि सेतूच्या मध्यावर उरणारे विभवांतर हे मुख्यतः वायूचे असते. गंधकाने उघड्या ठिपक्याला आणलेला बधिरपणा मात्र या जोडणीत छेदला जात नाही, कारण सीलबंद जोडीदाराला तो भोगावाच लागलेला नसतो. त्यासाठी दर हंगामाच्या तोंडावर, चाळ भरण्यापूर्वी, उघडा पापुद्रा बदलावा लागतो, आणि म्हणून त्याची किंमत हंगामी खर्चात सामावेल इतकीच ठेवावी लागते.